ड्रेस्डेनचा घुमट

व्हेनिसहून १७४७ साली सॅक्सनीच्या राजधानीत आलेल्या बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराने दुसऱ्याच वर्षी एल्ब नदीच्या उजव्या तीरावरून ड्रेस्डेन शहराचा जो देखावा रंगविला, त्यात गेओर्ग बेअरने योजिलेल्या फ्राउएनकिर्शे या चर्चचा दगडी घुमट अशा निश्चिंत डौलाने उभा आहे, की त्याला कधी काही होईल ही शंकाही पाहणाराच्या मनाला शिवू नये. त्याच बेलोत्तोने १७६५ साली क्रॉयत्सकिर्शेचे भग्नावशेष रंगविले. १७६० च्या वेढ्यात प्रशियाच्या तोफांनी ते चर्च उद्ध्वस्त केले होते. इमानी फडणिसाने जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंस एकाच वळणाचे अक्षर काढावे, तशी ही दोन चित्रे. दुसऱ्यात हुंदका नाही, आणि मला तेच त्याचे मोठेपण वाटते.

फ्राउएनकिर्शेचा खर्च मात्र फार उशिरा पडला. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर आगीत तापलेले तिचे खांब १५ तारखेस खचले, घुमट कोसळला, आणि तो ढिगारा जवळजवळ अर्धशतक तसाच पडून राहिला. १९९४ मध्ये बांधकामास आरंभ होऊन ३० ऑक्टोबर २००५ रोजी नव्या वास्तूचे अर्पण झाले. आता बेलोत्तोच्या चित्राशी ती ताडून पाहणारा ‘तीच ही’ म्हणेल. नैयायिक त्याला तेथेच अडवील: अवयव विलग झाले तेव्हाच अवयवी नष्ट झाला, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी निराळी असूनही सादृश्यामुळे ‘तीच’ भासते, तसा हा भ्रम.

गंमत अशी की, ज्यांचे हे चर्च त्या ल्यूथरपंथीयांना या वादात पडण्याचे कारणच नव्हते. खुद्द ल्यूथरने १५४४ साली टोर्गाऊच्या गढीतील प्रार्थनागृहाचे अर्पण केले ते वचन आणि प्रार्थना यांच्याच बळावर. मूर्तीतले देवत्व जीर्णोद्धारापूर्वी कलशात काढून ठेवावे, ही आपल्याकडची कल्पना त्यांना मानवणारी नव्हे. मग ढिगाऱ्यातला एकेक दगड उचलून, त्यावर क्रमांक घालून, तो मूळचा कोणत्या भिंतीतला याचा छडा लावण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? केवळ आकारच हवा होता, तर तो बेलोत्तोच्या पटावर शाबूत होता. सिद्धान्त काहीही सांगो, भाविकाच्या हाताला स्पर्शाचा पुरावा लागतो, असेच म्हणावे लागते.

आज फिकट भिंतींतून ते जुने दगड काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसतात. परंतु त्या प्रदेशातला वालुकाश्म उघड्या हवेत आपोआपच काळवंडत जातो. पुढे केव्हातरी नवे-जुने सारे एकरंग होईल, आणि मूळचा दगड कोणता हे सांगण्यासाठी दप्तरच उघडावे लागेल.