पहिले पुस्तक

माझी भाची यंदा एम. ए. ला भाषाविज्ञान घेऊन बसली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारले, ‘‘मामू, सुरुवातीला कुठलं पुस्तक घेऊ?’’ प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले.

आम्ही सोलापूरकडचे. घरात दखनी, शाळा मराठी, मदरशात उर्दू-अरबीची अक्षरओळख. दखनीला उर्दूवाले ‘बिगडी हुई उर्दू’ म्हणून हसतात आणि मराठीवाल्यांना ती मोडके हिंदी वाटते. फॉर्मवरच्या मातृभाषेच्या रकान्यात या मुलीने कधी उर्दू लिहिले, कधी मराठी. दखनी एकदाही नाही. भाषेचे शास्त्र शिकवणारे पहिले पुस्तक तिच्या हातात देणे म्हणजे तिच्या घराबद्दल तिला काहीतरी सांगणेच होते.

मोठी नावे बाजूला ठेवणे सोपे गेले. सोस्यूरच्या नावावरचे पुस्तक त्याने स्वतः लिहिलेलेच नाही. तो वारल्यावर त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून ते १९१६ साली इतरांनी सिद्ध केले. ब्लूमफील्डचे १९३३ चे पुस्तक शिस्तीचे, पण नवशिक्याची परीक्षा पाहणारे. हल्लीची इंग्रजी पाठ्यपुस्तके चांगली असतात, भरपूर स्वाध्याय देतात. अडचण उदाहरणांची आहे. ‘किट’मधल्या ‘क’बरोबर हवेचा झोत सुटतो, ‘स्किट’मधल्या ‘क’बरोबर सुटत नाही, तरी इंग्रजीत दोन्ही एकच वर्ण, असे ती शिकवतात. बरोबरच आहे. पण आपल्याकडे त्या झोताने ‘काल’चे ‘खाल’ होते. आपल्या कानाला जे उपजत कळते ते परक्या भाषेच्या आडवाटेने शिकताना मुलाला वाटते, आपलेच काही चुकते आहे.

मराठी पुस्तकांकडे वळलो तेव्हा खरा पेच पडला. एका पुस्तकात (नाव घेत नाही) बोलींच्या प्रकरणात लिहिले होते की कोणतीही बोली हीन नसते. दोन प्रकरणे पुढे गेल्यावर पगार, बटाटा, चावी हे पोर्तुगीज शब्द ‘उसने’ म्हणून नोंदलेले, आणि बाजार, जमीन, हजार हे फारसी शब्द मात्र ‘आक्रमणाचा परिणाम’ या मथळ्याखाली. पोर्तुगीज काय गोव्यात पाहुणे म्हणून आले होते? असे पुस्तक परीक्षेला उपयोगी पडेल, पण ते वाचून माझी भाची स्वतःच्या तोंडातल्या शब्दांकडे कशी पाहील?

मग मोह झाला तो उलट्या बाजूचा. जे पुस्तक सगळ्या बोली समान म्हणून थांबते, तेच द्यावे. मुलगी सुखावेल. पण तेही अर्धेच सांगणे झाले. रचनेच्या दृष्टीने दखनी कुणापेक्षा उणी नाही, हे शास्त्र सिद्ध करू शकते. मुलाखतीत तिच्या उच्चारावर कुणी हसणार नाही, याची हमी शास्त्र देत नाही. सूरह रूममध्ये भाषांची आणि रंगांची विविधता अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणली आहे, हे लहानपणापासून ऐकतो. तरी आमच्याच लग्नसमारंभात लखनवी ढंगाचे बोलणाऱ्याला पुढची खुर्ची मिळते, हेही पाहतो. दोन्ही गोष्टी सांगणारे पुस्तक मला हवे होते.

सांगलीजवळचे कुपवाड जगभरच्या भाषाभ्यासकांना ठाऊक आहे, आपल्याला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली तिथल्या भाषांवर लेख लिहिला. जैनांची कानडी, मुसलमानांची उर्दू आणि मराठी शतकानुशतके एका गावात नांदून व्याकरणाने इतक्या जवळ आल्या, की एकीचे वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. तरीही शब्द वेगळे राहिले, कारण घर कुणाचे हे त्यावरून ओळखायचे होते. हे वाचल्यावर ‘बिगडी हुई’ म्हणायला जीभ रेटत नाही.

शेवटी मी दोन पुस्तके दिली. एक ना. गो. कालेलकरांचे, ज्याला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, ते ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’. दुसरे स्वाध्यायांचे इंग्रजी. अट एकच घातली : प्रत्येक स्वाध्याय घरच्या बोलीवर पुन्हा करायचा.

पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. उर्दूत ‘मैंने रोटी खाई’, बोलणारा बाप्या असो की बाई. मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’, तिथेही क्रियापद भाकरीच्या मागे. आमच्या घरात मात्र भाऊ म्हणतो ‘मैं रोटी खाया’ आणि ती म्हणते ‘मैं रोटी खाई’. क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जाते, दर वेळी, न चुकता. ‘‘मामू, हा तर नियम आहे!’’ तिचा चेहरा मी विसरणार नाही.

मग ती वही घेऊन अम्मीजवळ, म्हणजे तिच्या नानीजवळ बसली. नानीने पेन पाहिले आणि रेडिओवरच्यासारखी ‘शुद्ध’ उर्दू बोलू लागली. पोरीने वही मिटली. आता ती नानीचे बोलणे लक्षात ठेवून रात्री खोलीत उतरवते. परवा तिने विचारले, ‘‘न सांगता लिहिलेलं चालतं का हो मामू? आणि सांगितलं तर नानी तसं बोलणारच नाही.’’ त्या दोन्ही पुस्तकांत याचे उत्तर मला सापडलेले नाही, आणि अजून मीही दिलेले नाही.