बावटा शेवटच्या होडीपर्यंत

समुद्र खवळू लागला की अलिबाग-रेवदंड्याकडे विचारले जाते, ‘बावटा लागला का?’ बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की नाखवा होडी पाण्यात लोटत नाही. वादळ कुणाला अडवता येत नाही, पण ते येतेय हे सांगता येते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आधीच्या इशाऱ्यामुळे हजारो माणसे सुरक्षित जागी पोहोचली होती.

याच रायगडच्या किनाऱ्याने एक न दिसणारे वादळही पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा संगणक बंद पाडणारा विषाणू जगभर पसरला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कला जगभरात ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले. नॉटपेट्या अनेक वाटांनी शिरत होता. त्यातली एक वाट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. पण देणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे.

कोणतेही सॉफ्टवेअर कायम सांभाळता येत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशा तारखेनंतर नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबतात, पण संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, म्हणून धोका जाणवत नाही. विंडोज १० साठी नोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची जादा मुदत ठेवली गेली. पण नोंदणी करावी लागते, हे गावातल्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत कोणी नेले?

कंपनीने आधार देणे थांबवणे हा दोष नाही. गुपचूप थांबवणे, किंवा पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी ओळ टाकून कर्तव्य झाले असे मानणे, हा दोष आहे. ज्याच्या विश्वासावर आपण वस्तू विकली, त्याला त्याच्या भाषेत, वेळेत आणि पुढचा मार्ग दाखवून सांगणे हे ऋण आहे. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा असाच विषाणू पसरला, तेव्हा आधार संपून तीन वर्षे उलटलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. संकटात मुदतीपेक्षा माणूस मोठा ठरला.

हे ऋण कंपनीपुरते नाही. संगणक विकणारा दुकानदार, शाळेतले शिक्षक, घरातली शिकलेली मुले, आपण सगळेच बावटा चढवणारे आहोत. या आठवड्यात ओळखीच्या एखाद्या दुकानात, पतसंस्थेत किंवा ग्रामपंचायतीत जुना संगणक दिसला, तर त्याची मुदत तपासा आणि वापरणाऱ्याला समजेल असे सांगा. बावटा होडीतून दिसला, तरच तो इशारा.