भेट पोचली, पैसे कुठे थांबले?

पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी मुलं छत्रपती संभाजीनगरातल्या आईवडिलांना मोबाइलवरून काहीबाही पाठवत असतात. लग्नाच्या वाढदिवसाला गुलमंडीतली इमरती, थंडीच्या तोंडावर हिमरूची शाल, नाहीतर नुसतं एखाद्या दुकानाचं कूपन. यावरची तक्रारही ठरलेली आहे: भेटीतला जिव्हाळा गेला, व्यवहार तेवढा उरला.

मला ही तक्रार पटत नाही. आपल्याकडे भेटीचा हिशेब कधी नव्हता? लग्नाच्या मांडवात वही घेऊन बसलेला भाचा कोणी किती आहेर केला ते लिहून घेतो, आणि त्या घरी कार्य निघालं की तीच वही उघडून पाकिटातली रक्कम ठरते. देणं, स्वीकारणं आणि परतफेड करणं ही तिन्ही बंधनंच असतात, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ साली मांडलं. शेजारणीचा डबा रिकामा परत न करणाऱ्या आपल्या आज्यांना ते पुस्तकाविना ठाऊक होतं. उलट कूपनात एक सोय आहे. आहेरात आलेली नावडती साडी घडीही न मोडता पुढच्या लग्नात दुसरीच्या गळ्यात पडते. कूपनामुळे निवड घेणाऱ्याच्या हाती राहते.

तेव्हा हिशेबाला भिण्याचं कारण नाही. पाहायचं ते एवढंच, की देणारा आणि दुकानदार यांच्या मधे अ‍ॅपचा जो नवा हात आला आहे, तो करतो काय आणि ठेवून घेतो काय.

ओळखीच्या दुकानाशी हा व्यवहार अ‍ॅपविनाही होतो. मुलगा फोन करतो, दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड धाडतो, पैसे थेट त्याच्या खात्यात जातात. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क पडत नाही. शिवाय तो म्हणतो, "अहो, आज एकादशी. इमरती उडदाची, काकू खायच्या नाहीत. उद्या सकाळी ताजी पाठवतो." एवढं जाणून असणारा माणूस मधे असला की भेट नुसती पोचत नाही, वेळेवर पोचते.

पण ही सोय ओळखीपुरती. हातमागावर सूत-रेशमाचं हिमरू विणणारे आता मोजकेच उरलेत, आणि वेरूळ-अजिंठा पाहून जाताना एकदा शाल नेलेला पर्यटक त्यांना पुन्हा भेटत नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी लांबून घेणाऱ्याला हातमागाची कोणती नि यंत्रमागाची कोणती हे फोटोवरून कळायचं कसं? असा विणकर शोधून देणारं आणि मालाच्या खरेपणाची हमी घेणारं अ‍ॅप खरं काम करतं. त्याने त्याची दलाली जरूर घ्यावी.

अडचण कूपनात आहे. भेट पाठवली त्या दिवशी पैसे अ‍ॅपच्या कंपनीकडे जमा होतात. दुकानदाराला मिळतात ते कूपन वापरलं गेल्यावर, तेही दलाली वजा जाऊन. वडील कूपन विसरले, तर मुलाचे पैसे गेले, घरात काही आलं नाही, दुकानात विक्री झाली नाही. तिघांचंही नुकसान आणि चौथ्याची कमाई. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार अशा प्रीपेड भेट-कार्डाची मर्यादा दहा हजार रुपये, मुदत किमान एक वर्ष, आणि ती संपण्याआधी ग्राहकाला सूचना देणं बंधनकारक आहे. मुदत संपल्यावर उरलेली रक्कम बिगरबँक कंपनीला किमान तीन वर्षं आपल्या नफ्यात वळवता येत नाही. म्हणजे त्यानंतर वाट मोकळी! एकाच दुकानाने स्वतःपुरतं काढलेलं कूपन तर या निर्देशांच्या कक्षेतच येत नाही. तिथे सगळी भिस्त दुकानदाराच्या शब्दावर. फरक इतकाच, की गुलमंडीतल्या दुकानदाराला त्याच गल्लीत उद्याही गिऱ्हाईक हवं असतं. दूरच्या कंपनीला ही लाज आडवी येत नाही.

म्हणून स्थानिक दुकानांच्या नावाने भेटी पाठवायला सांगणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपला तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या शंभर रुपयांतले दुकानदाराला किती मिळणार, ते पैसे भरण्याआधी दिसतं का? त्याला ते किती दिवसांत मिळणार? आणि कूपन वापरलं गेलं नाही, तर पैसे पाठवणाऱ्याकडे आपोआप परत येतात का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या दोन उत्तरांवर भुलू नये. पोस्टाने मनीऑर्डरीचं कमिशन घेणं आपण कधी गैर मानलं नाही. पण पत्त्यावर माणूस सापडला नाही म्हणून मनीऑर्डर खिशात घालायची मुभा पोस्टमनला कोणीच दिली नव्हती.