न सांगितलेला आंकडा

केदारेश्वराच्या जुन्या देवळाचें दर्शन घ्यावें, त्याच्या भिंतींवरील शिल्पें एकदां निवांतपणें पाहावीं, या हेतूनें आम्ही बीड जिल्ह्यांतील धर्मापुरीस गेलों होतों आणि तेथील एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनीं गांवांतच नवें घर बांधलें. घरापुढें पांच गुंठे जागा मोकळी राहिली होती, तिच्यांत बाग करावी असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. त्या दिवशीं अंबाजोगाईहून बाग करून देणारे एक गृहस्थ आले. त्यांनीं जागा पावलांनीं मोजली, माती मुठींत घेऊन पाहिली, विंधनविहिरीचें पाणी चैत्र-वैशाखांत किती टिकतें याची चौकशी केली, आणि शेवटीं कांहींशा संकोचानें विचारलें, "काका, साधारण किती खर्च करायचा मनांत आहे?" आमचे स्नेही हंसून म्हणाले, "खर्चाचें पाहूं हो! तुम्ही आधीं आराखडा तर दाखवा." इतक्यांत चहा आला आणि बोलणें पावसापाण्याकडे वळलें. आम्हींही तो चहा घेतला व कांहीं बोललों नाहीं.

पुढील हकीकत आम्हांस मागाहून कळली. त्या गृहस्थांनीं पंधरा दिवस खपून आराखडा केला. त्यांत हिरवळ होती, दगडी पायवाट होती, वाढलेलीं झाडें आणून लावण्याची योजना होती. खर्च साडेचार लाखांचा निघाला. आमच्या स्नेह्यांच्या मनांत दीड लाख होते; पण तो आंकडा त्यांनीं याहि वेळीं सांगितला नाहीं. "जरा जास्त होतें, कमी करून पाहा," इतकेंच ते म्हणाले. दुसरा आराखडा तीन लाखांचा झाला, तिसरा सव्वादोन लाखांचा. मग त्यांनीं बेत रहित केला. त्या गृहस्थांचे महिनाभराचे श्रम आणि चार खेपांचा खर्च व्यर्थ गेला. कोणी कोणास फसविलें नाहीं, कोणी खोटें बोललें नाहीं. तरी एकाचें नुकसान झालें, आणि ज्यानें तें टाळलें असतें तो एक शब्द दुसऱ्याच्या ओठांवर होता. हा शब्द न उच्चारणें हा दोष आहे काय, असा प्रश्न आम्हीं येथें विचारास घेतला आहे.

आमच्या स्नेह्यांची बाजू पोकळ नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. "दीड लाख म्हणून सांगितलें असतें, तर लाखाचें काम दीड लाखांत बसवलें असतें," असें ते म्हणतात. आणि बाजारांत ज्याचे हात एकदां तरी पोळले आहेत असा प्रत्येक गृहस्थाश्रमी मनुष्य या वाक्यास मान डोलावील. कायदाहि त्यांच्या विरुद्ध नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत, बोलण्याचें कर्तव्य जेथें नाहीं तेथें नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे, असेंच तत्त्व सांगितलें आहे. परंतु कायदा जेथें थांबतो तेथेंच नीतीचा प्रश्न सुरू होतो: बोलण्याचें कर्तव्य येथें होतें कीं नव्हतें?

या प्रश्नाचा ऊहापोह फार जुना आहे. रोमन ग्रंथकार सिसेरो यानें कर्तव्यांविषयींच्या आपल्या ग्रंथांत एक उदाहरण घेतलें आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी धान्याचें जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्यास ठाऊक आहे. त्यानें तें गिऱ्हाइकांस सांगावें काय? डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगेल तितकें सांगितलें कीं पुरे. अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्यास ठाऊक तें सारें घेणाऱ्यास ठाऊक असावें. सिसेरोचा कौल दुसऱ्या पक्षाकडे आहे. पण आमच्या प्रश्नांत आणि या उदाहरणांत एक मोठा भेद आहे. तेथें धान्य जहाजांत तयार होतें. कोणी कांहीं सांगो वा न सांगो, त्याचा दाणा घटणार नव्हता कीं वाढणार नव्हता. बागेचें तसें नाहीं. ती अद्याप झालेलीच नसते. हिरवळ करावयाची कीं मुरूम पसरून कडेनें करंज-बकुळ लावावयाची, पुरुषभर वाढलेलें झाड आणावयाचें कीं वीतभर रोप लावून पांच वर्षें वाट पाहावयाची, काळी माती किती वाहून आणावयाची, ठिबकाच्या नळ्या किती घालावयाच्या, हें सारें त्या एका आंकड्यावर ठरतें. म्हणून तो आंकडा म्हणजे घासाघिशींतील हुकमाचें पान नव्हे. माती व पाणी यांच्याइतकेंच तें बागेचें साधन आहे. विहिरीचें पाणी किती तें सांगावयाचें आणि पैसा किती तें लपवावयाचें, हें विसंगत आहे.

मर्यादा आधीं ठाऊक असली म्हणजे कलेचा संकोच होतो, असेंहि नाहीं. मराठवाड्यांतीलच बिबीचा मकबरा पाहा. चारबागेच्या मध्यभागीं उभ्या असलेल्या या वास्तूसाठीं औरंगजेबानें सात लाख रुपये मंजूर केले होते, आणि प्रत्यक्ष खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला, अशी नोंद गुलाम मुस्तफाच्या तवारीखनाम्यांत आहे. संगमरवर घुमटास आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्यास. बाकी सारें काळा दगड आणि चुन्याचा गिलावा. ताजमहालाशीं तुलना करून लोक नाकें मुरडतात खरीं. पण कारागिरास हात आंखडावा लागला तो कोठें, आणि सोडतां आला तो कोठें, हें त्यास आधींच ठाऊक होतें, म्हणूनच ती वास्तु अर्धवट न राहतां पुरी झाली.

मात्र कर्तव्य एकाच पक्षाचें असूं शकत नाहीं. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानें इफेसस नगरींतील एका जुन्या कायद्याची माहिती दिली आहे. सार्वजनिक काम घेणाऱ्या स्थपतीनें खर्च आधीं सांगावा आणि काम पुरें होईपर्यंत आपली मालमत्ता तारण ठेवावी. खर्च सांगितल्याइतकाच झाला तर त्याचा सन्मान व्हावा. चतुर्थांशापर्यंत वाढला तर भर सरकारनें घालावी. त्याहून वाढला तर तो त्याच्या मालमत्तेंतून वसूल व्हावा. इतका कडक नियम खासगी बागेस कोणी लावणार नाहीं. परंतु त्यांतील न्याय उघड आहे: मालकानें मर्यादा सांगावी, आणि कारागिरानें त्या मर्यादेंतला प्रत्येक रुपया कोठें जाणार तें कलमवार मांडून दाखवावें. आमच्या स्नेह्यांच्या भीतीस उतारा हाच आहे. मौन हा नव्हे.

आणि केवळ आंकडा आधीं उच्चारला म्हणजे न्याय झाला, असेंहि कोणीं समजूं नये. याच बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडणीस जाणारीं कुटुंबें मुकादमाकडून उचल घेतात. तेथें रकमेचा शब्द अगदीं आधीं उच्चारला जातो, आणि पुढें तोच शब्द त्यांच्या गळ्यांतील फांस होऊन बसतो. दुबळ्यास बांधून घ्यावयाचें असतें तेव्हां आंकडा आधीं बोलावयास आपणांस लाज वाटत नाहीं. स्वतःस बांधून घेण्याची वेळ आली कीं मात्र तेंच बोलणें असभ्य ठरतें. आमच्या मतें आमच्या मध्यम वर्गाच्या संकोचाचें मर्म येथें आहे. आपली ऐपत उघडी पडेल ही एक लाज. आणि दुसऱ्याच्या श्रमांस दाम पडत नाहीं हा एक समज. पहिली क्षम्य आहे. दुसरा नाहीं. कारण मौनाचा भार दोघांवर सारखा पडत नसतो. थांबूं शकणारा थांबतो आणि ज्याचें पोट हातावर आहे तो खेपा घालतो.

आम्हीं हें सारें आमच्या स्नेह्यांपाशीं बोललों. त्या दिवशींच्या आमच्या मौनाची कबुलीहि दिली. ते बराच वेळ गप्प होते. पुढें त्यांनीं त्या गृहस्थांस बोलावून तीन आराखड्यांचा मोबदला हातावर ठेवला आणि आंकडा सांगितला. ते गृहस्थ म्हणाले, "एवढ्यांत यंदा पाणी आणि झाडें होतील. हिरवळ नको, या मुलखांत ती पोसवतहि नाहीं. हें पहिल्याच दिवशीं बोललां असतां, तर एक पाऊस वांचला असता, काका."