होल्यांची जोडी



आमच्या निवासाच्या मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडावर यंदा होल्यांच्या जोडीने घरटे केले. घरटे कसले, आडव्यातिडव्या टाकलेल्या थोड्या काड्या! खालून पाहिले तर आतली दोन पांढरी अंडी दिसत. वारा सुटला की आम्हांलाच धास्ती वाटे. पण नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसली आणि सुमारे दोन आठवड्यांनी पिल्ले बाहेर आली. होल्यांत नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा दाट रस तयार होतो. पहिले काही दिवस पिल्ले त्यावरच वाढतात. घरटे गरिबाचे, पण पिल्लांना काही कमी पडले नाही.

त्याच दिवसांत एक जोडपे भेटले. मूल दीड वर्षाचे झाले, तरी बाप्तिस्मा नाही. आम्ही जरा रागानेच विचारले, "एवढा उशीर का?" बाप खाली मान घालून म्हणाला, "फादर, यंदा सोयाबीन गेलं. पाहुण्यांना जेवण घालायला पैसे नाहीत." आम्हांला आमच्याच रागाची लाज वाटली.

बंधुभगिनींनो, दरवर्षी 2 फेब्रुवारीला आपण बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करतो. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील नियमाप्रमाणे बाळंतिणीने कोकरू आणि एक पक्षी अर्पण करायचा असे. ज्यांना कोकरू परवडत नसे, त्यांनी दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले द्यावीत. संत लूक दुसऱ्या अध्यायात कोकराचे नाव घेत नाहीत, फक्त पक्ष्यांच्या जोडीचा उल्लेख करतात. पवित्र मारिया आणि संत योसेफ गरिबांचे अर्पण घेऊन आले होते. तरी शिमोनाने त्याच बाळाला हातांवर घेऊन देवाची स्तुती केली.

मग आपण कोकरासाठी का थांबावे? बाप्तिस्म्याला पाणी लागते, आईवडिलांची श्रद्धा लागते. मंडप आणि मटणाचे जेवण लागत नाही. सावकाराचे कर्ज काढून केलेल्या जेवणाने कृपा वाढत नाही. ज्यांना ऐपत आहे त्यांनीही साधेपणा पाळावा, म्हणजे गरिबाला मान खाली घालावी लागणार नाही.

ते जोडपे येत्या रविवारी बाळाला घेऊन येत आहे. मिस्सानंतर गूळ-शेंगदाणे वाटू. सर्वांनी थांबावे, ही विनंती.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू, पूर्णा