निरामिष आमिष

आमिष म्हणजे लालूच, हे आपल्याला माहीत असतं. गळाला लावतात ते आमिष आणि निवडणुकीआधी दाखवतात तेही आमिष. पण संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ मांस असा आहे, म्हणूनच बिनमांसाच्या जेवणाला निरामिष म्हणतात. या हिशोबाने मी ज्याने मासे पकडतो, ती वस्तू निरामिष आमिष ठरते. अडीच-तीन इंचांचा मऊ प्लास्टिकचा तुकडा. त्याला डोळे नाहीत, पाय नाहीत, धड शेपूटही नाही. टेबलावर पडलेला असेल तर कुणीही खोडरबर समजून उचलेल.

अशा मऊ आमिषांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन शहरात, निक क्रीम नावाच्या माणसाने 1949 साली घरच्या घरी द्रवरूप प्लास्टिक साच्यात ओतून गांडूळ तयार केलं. त्याआधीची कृत्रिम आमिषं बहुतेक लाकडाची, धातूची नाहीतर पिसांची असायची. कडक वस्तू तोंडात आली की मासा ती लगेच थुंकतो. मऊ वस्तू क्षणभर जास्त धरून ठेवतो. सगळा खेळ त्या क्षणाचा आहे.

मी कॅन्ससच्या पूर्व भागात राहतो. इथल्या तलावांमध्ये बास नावाचा शिकारी मासा असतो, आणि त्याला अगदी हलक्या साधनांनी पकडण्याच्या पद्धतीला फिनेस म्हणतात. लॉरेन्स या जवळच्या गावातले नेड केडी यांच्या नावाने ओळखली जाणारी 'नेड रिग' ही त्यातली सर्वांत साधी जोडणी. गळाच्या डोक्यावर मशरूमच्या आकाराचं, जेमतेम पावणेदोन ग्रॅमचं वजन आणि त्यावर चढवलेला प्लास्टिकचा तुकडा. या प्रकारातली काही प्लास्टिकं पाण्यात तरंगतात. त्यामुळे वजन तळाला टेकतं आणि तुकडा वर तोंड करून उभा राहतो. मग तुम्ही जवळजवळ काहीच करायचं नाही. थोडं ओढायचं, थांबायचं, हात किंचित थरथरवायचा. मासा तोंड उघडून पाण्यासकट तुकडा आत ओढतो, तेव्हा काठीला झटकासुद्धा बसत नाही. फक्त दोरी बोटभर बाजूला सरकते. ती सरकलेली दिसायला शिकण्यात दोन-तीन उन्हाळे जातात.

मला हे फार आवडतं. पाण्याचं तापमान, वारा, तळाशी दगड आहे की गाळ, ढग आल्यावर मासे किती सरकले, अशा शंभर गोष्टींकडे लक्ष लागतं. दोन तास फोन खिशातून बाहेर येत नाही. एका अनोळखी जिवाला काय वाटतंय, याचा इतक्या बारकाईने विचार मी एरवी कुणाबद्दल करत असेन असं वाटत नाही. आणि शेवटी मासा हातात येतो, गळ काढतो, त्याला पाण्यात सोडतो.

मालवणच्या माझ्या मावशीला मी हे फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "खावचो नाय, तर धरलंस कित्याक?"

मावशीने आयुष्यभर मासे साफ केलेत. माशाच्या मरणाचं तिला अवघड वाटत नाही. तिला अवघड वाटलं ते विनाकारण धरण्याचं. जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदाही तिच्याच बाजूचा आहे. रास्त कारणाशिवाय कुठल्याही प्राण्याला वेदना देता येणार नाही, असं तो म्हणतो. खाणं हे रास्त कारण. नुसती मजा हे तिथे कारण धरलं जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर परत सोडण्याच्या इराद्याने मासे पकडायलाच मनाई आहे. अमेरिकेत मात्र मासा सोडणारा सज्जन आणि घरी नेणारा जरा मागासलेला, असा समज बासवाल्यांमध्ये रुजला आहे. तो फार जुना नाही. अलाबामातल्या रे स्कॉट या विमाविक्रेत्याने 1967 साली बासच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या आणि 1972 मध्ये त्याच्या संघटनेने 'पकडलेला मासा मारू नका' अशी मोहीम काढली. हिशोब सरळ होता: स्पर्धा चालू ठेवायच्या तर तलावात मासे उरायला हवेत. त्याने असंख्य मासे वाचले, हे खरंच आहे. पण आपण त्याला दयेचं नाव दिलं.

मराठीत या दयेसाठी तयार शब्द आहे, जीवदान. मी सोडलेल्या माशाचा फोटो पाहून मित्र हाच शब्द लिहितात. मला तो खटकतो. संकट ज्याने आणलं, त्यानेच ते मागे घेतलं तर ते दान कसं? वाटेत अडवून पाकीट घेतलं आणि दहा मिनिटांनी परत केलं, तर त्या माणसाला आपण दाता म्हणत नाही.

'पण माझी पद्धत नाजूक आहे' हे यावरचं नेहमीचं उत्तर. त्यात तथ्य आहे. लहान, एकेरी गळ बहुधा ओठातच रुततो. जिवंत आमिष मासा कितीतरी वेळा घशापर्यंत गिळतो आणि तिथला गळ काढताना जीव जातो. पण नाजूकपणाची दुसरी बाजू काठावरून दिसत नाही. दोरी बारीक असली की जोर लावता येत नाही, मासा थकेपर्यंत खेळवावा लागतो. त्या धडपडीत त्याच्या स्नायूंमध्ये लॅक्टिक ॲसिड साचतं आणि सावरायला काही तास लागू शकतात. जुलैच्या कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी, तेव्हा हे जास्तच महागात पडतं. म्हणजे माझ्या मनगटाला जे हलकं, ते माशाला जास्त वेळ चालणारं असतं.

माशाला दुखतं का, हा प्रश्न शास्त्रज्ञांमध्येही वादाचा आहे. लिन स्नेडन यांनी 2003 साली ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. मासे जागच्या जागी डोलू लागले, ॲसिड टोचलेले तळाच्या खडीवर ओठ घासू लागले, आणि बराच वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. माणसाच्या मेंदूतला जो भाग वेदना जाणवण्याशी जोडला जातो तो माशात नाही, तेव्हा याला वेदना म्हणू नये, असं जेम्स रोझ यांच्यासारख्या संशोधकांचं म्हणणं आहे. वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, हे मात्र आपणच ठरवतो. ओठात गळ नसलेल्या पक्षाने तो स्वतःला देऊ नये, असं मला वाटतं.

सोडणं हे दर वेळी भलंच असतं असंही नाही. जपानमध्ये 1925 साली अमेरिकेतून बास नेऊन आशी तलावात सोडले. पुढे ते देशभर पसरले. बिवा या जपानच्या सर्वांत मोठ्या तलावात त्यांनी स्थानिक मासे आणि त्यांची पिल्लं फस्त करायला सुरुवात केली. तिथे निगोरोबुना नावाचा मासा भातात आंबवून फुनाझुशी करतात; शेकडो वर्षांचा पदार्थ, त्याचा मासाच दुर्मीळ झाला. शिगा प्रांताने 2003 पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला बंदी केली. म्हणजे कॅन्ससमध्ये ज्या कृतीने मी सज्जन ठरतो, त्याच कृतीला बिवावर मनाई आहे. एका माशाला दिलेली सूट दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून जाते.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास इलिनॉयमधल्या रिज लेकवरचा आहे. कुठले बास पुन्हा पुन्हा गळाला लागतात आणि कुठले कधीच लागत नाहीत, याची तिथे वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि दोन्ही गटांची वेगळी पैदास केली. 2009 साली निष्कर्ष आले: गळाला लागण्याचा स्वभाव पिढीजात उतरतो. त्याच वंशांवरच्या 2012 च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बासमध्ये घरट्याची राखण नर करतो, आणि जे नर सहज गळाला लागत होते तेच अंड्या-पिल्लांची जास्त जोमाने राखण करत होते. म्हणजे वसंतात घरट्यावर टाकलेल्या प्लास्टिकवर जो धावून येतो, तो कदाचित भुकेला नसतोच. तो घरात घुसलेल्याला हाकलत असतो. त्याला मी दोन मिनिटं वर उचलून धरलं, तर तेवढ्यात छोटे मासे अंडी खाऊन जातात. सोडलेला बाप परत येतो तेव्हा राखायला काही उरलेलं असेलच असं नाही.

हे सगळं वाचल्यावर माझ्या लक्ष देण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. एखाद्याचा बारकाईने अभ्यास करणं आणि त्याची काळजी असणं यांत मी गल्लत करत होतो. तुमचं बोट कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबतं याची नोंद ठेवणारी ॲप्स तुमच्याकडे आईपेक्षा जास्त लक्ष देतात. खिशातली ती हलकी थरथर माझ्या मनगटाच्या थरथरीपेक्षा फार वेगळी नाही. लक्ष देणारा विचारतो, हा आता काय करेल? काळजी असलेला विचारतो, याचं पुढे काय होईल?

काही फ्लाय-फिशिंगवाले गळाचं टोकच तोडून टाकतात. मासा आमिष घेतो, दोरी हलते, मासा थुंकून निघून जातो. मागच्या शरद ऋतूत मी महिनाभर तसं केलं. माझा आनंद खरंच पाण्याकडे लक्ष देण्यात असेल, तर तो शाबूत राहायला हवा होता. बराचसा राहिलाही. पण प्रत्येक वेळी दोरी सैल पडली की हात रिकामा वाटायचा. मासा फसला, एवढं कळून भागत नव्हतं. तो हातात यायला हवा होता, त्याचं वजन लागायला हवं होतं. या हावेला कसलंही तत्त्वज्ञान चिकटवता येत नाही. ती मावशीच्या भुकेहून कमी प्रामाणिक आहे, एवढं नक्की.

आता मी मे महिन्यात घरट्यांच्या उथळ पाण्याकडे जात नाही. पाणी कोमट झालं की काठी घरी ठेवतो. दोरी पूर्वीपेक्षा जाड वापरतो. त्यामुळे कमी मासे लागतात, पण लागलेला लवकर हातात येतो. फाटलेलं प्लास्टिक डबीत भरून परत आणतो, कारण ते तळाशी कुजत नाही. वर्षातून काही वेळा नियमात बसणारे एक-दोन मासे मारतो आणि रव्यात घोळवून खातो. त्या दिवशी निदान कारण सांगता येतं.

बाकीच्या दिवशी अर्धा वेळ गळाला टोक असतं, अर्धा वेळ नसतं. टोक असतं तेव्हा मासा सोडताना त्याला पाण्याबाहेर काढत नाही, फोटोही घेत नाही. तो शेपटी मारून गढूळ पाण्यात दिसेनासा होतो. त्याला मी काहीही दिलेलं नसतं. फक्त घेणं थांबवलेलं असतं.