वूजोचा मळा आणि अपरिग्रहाचा पेच

वूजो हे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातले, दीजों आणि बोन या शहरांच्या दरम्यानचे जेमतेम दोनशे वस्तीचे गाव. त्याची कीर्ती आहे ती सुमारे 50 हेक्टरांच्या, दगडी भिंतीने वेढलेल्या एका द्राक्षमळ्यामुळे. हा मळा, म्हणजे ‘क्लो द वूजो’, उभा केला तो सितो मठाच्या सिस्टर्शियन संन्याशांनी. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्यांच्या हातून इतकी श्रीमंती निर्माण व्हावी, हा ख्रिस्ती संन्यासधर्मातला जुना पेच इथे जमिनीवर आखलेला दिसतो.

सितो मठ 1098 मध्ये स्थापन झाला. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीचे पालन ढिले पडले आहे, या असमाधानातून रोबेर आणि त्याचे सोबती मोलेमचा मठ सोडून निघाले होते. दशमांश नको, वेठबिगारांच्या कष्टावर जगणे नको, पोट स्वतःच्या श्रमावर भरावे, असा त्यांचा आग्रह होता. बाराव्या शतकाच्या आरंभापासून वूजोची जमीन दानाने आणि खरेदीने मठाकडे येत गेली. भिंत 1336 पर्यंत पूर्ण झाली.

वाइनविषयी बेनेडिक्टची भूमिका मोठी व्यवहारी आहे. संन्याशाने ती पिऊ नये हेच उत्तम. पण आपल्या काळातल्या मंडळींना ते पटणार नाही, तेव्हा दिवसाला एक ठरावीक माप पुरे, असे तो जरा नाइलाजानेच सांगतो. मिस्सेसाठी मात्र वाइन लागतेच. मालमत्तेबाबत तो कठोर आहे: कोणाही एकाचे काही नसावे, जे असेल ते मठाचे. मठातल्या कारागिरांचा माल बाहेरच्या भावापेक्षा थोडा स्वस्त विकावा, असेही त्याने बजावले आहे. लोभ किमतीतून आत शिरतो, हे त्याने नेमके ओळखले होते.

तरीही व्यक्ती निर्धन आणि संस्था धनवान, ही तोड पुरी पडली नाही. अंगमेहनत भरपूर आणि उपभोग थोडा, तर शिल्लक वाढणारच. म्हणजे संपत्ती साठत गेली ती व्रत पाळल्यामुळे. शिवाय शेतातले बरेचसे काम ‘कॉन्व्हर्सी’ करीत. हे व्रतस्थ श्रमिक बंधू, पण उपासनेच्या गायनवृंदात त्यांना स्थान नव्हते. चौदाव्या शतकापर्यंत त्यांची संख्या घटली, जमिनी खंडाने देण्याची प्रथा वाढली आणि स्वतःच्या श्रमाचे मूळ समर्थनच लंगडे पडले. याच संप्रदायातल्या क्लेर्व्होच्या बर्नार्दने सुमारे 1125 मध्ये क्लूनी मठाच्या परंपरेतल्या, बेनेडिक्टचीच नियमावली मानणाऱ्या संन्याशांची टर उडवली होती, ती जेवताना पेले हुंगून आणि चाखून कडक वाइन निवडण्याबद्दल. आज मळ्यातल्या वास्तूचा ताबा आहे तो वाइन चाखण्याच्या वाटीवरून नाव घेतलेल्या, 1934 मध्ये स्थापन झालेल्या बंधुमंडळाकडे!

फ्रेंच राज्यक्रांतीने हा पेच तत्त्वज्ञानाने नव्हे, कायद्याने सोडवला. नोव्हेंबर 1789 मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली आणि 1791 मध्ये मळा विकला गेला. पुढे तो वाटण्या होत होत ऐंशीहून अधिक मालकांत विभागला. बर्गंडीच्या अशा द्राक्षभूमींना 2015 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. संन्यासी 1898 मध्ये सितोला परतले. पण वूजोचा मळा त्यांच्याकडे पुन्हा आला नाही, आणि त्यांचा मठ ओळखला जाऊ लागला तो चीजसाठी.